अ‍ॅडाप्टिव्ह क्रूझ नवीन असेल तर आधी हे वाचा, मग हायवेला लावा

दसऱ्याला भाच्यानं गाडी घेतली. डिलिव्हरीला मी पण गेलेलो, शोरूमच्या पोरानं पेढे दिले, फोटो काढला आणि स्टिअरिंगवरची बटणं दोन मिनिटांत दाखवून म्हणाला की हायवेला हे लावायचं आणि निवांत बसायचं. दुसऱ्या दिवशी भाच्याचा फोन, "मामा, नाद खुळा हाय हे, गाडी आपली आपण ब्रेक मारती की!" मी म्हटलं थांब जरा, अजून हायवेला जाऊ नकोस, रविवारी येतो मी. त्या रविवारी त्याला शेजारी बसून जे दाखवलं तेच इथं लिहितोय, कारण "निवांत बसायचं" हे ऐकून माझ्या पोटात गोळा आलेला. मी अडीच वर्षं झाली हे वापरतोय, लेक पुण्याला शिकायला आहे त्यामुळं महिन्यातनं दोनदा तरी पुणं होतं, आणि चांगलं वापरलं तर हे खरंच लई कामाचं आहे, पाय दुखत नाही, माणूस ताजा पोचतो. पण आपल्या रस्त्याला ते कुठं आंधळं होतं हे माहीत पाहिजे.

आधी ते करतं काय ते समजून घ्या. साधं क्रूझ म्हणजे ८० ला लावलं की गाडी ८० धरून ठेवते, पुढं कोण आहे याच्याशी तिला काही घेणंदेणं नाही. अ‍ॅडाप्टिव्हमध्ये पुढच्या बंपरात किंवा ग्रिलच्या मागं रडार असतं, वर काचेला आरशाच्या मागं कॅमेरा असतो (होंडा सिटीसारख्या गाडीत नुसत्या कॅमेऱ्यावरच चालतं), ते पुढच्या गाडीचं अंतर आणि वेग बघतात आणि पुढची गाडी हळू झाली की आपली पण हळू होते, ती निघाली की आपली परत लावलेल्या वेगाला जाते. एवढंच. स्टिअरिंग वळवणं, पट्ट्याच्या आत ठेवणं ही लेनवाली सिस्टिम वेगळी, आणि धडक होतेय असं वाटल्यावर करकचून ब्रेक मारणारी इमर्जन्सी ब्रेकची सिस्टिम पण वेगळी. लोक ह्या तिन्ही गोष्टी एकच समजतात. २०२१ ला एक्सयूव्ही ७०० आणि अ‍ॅस्टर आल्या, तेव्हापासून हे आपल्या बजेटच्या गाड्यांत यायला लागलं, आता क्रेटा, सेल्टोस, हॅरियर, हायक्रॉस सगळ्यांच्या वरच्या मॉडेलला आहे, पण प्रत्येकाचं थोडं थोडं वेगळं आहे. म्हणून गाडीचं मॅन्युअल काढा आणि एक गोष्ट नक्की शोधा: पुढची गाडी पूर्ण थांबली तर तुमची थांबते का. काही गाड्या पूर्ण थांबतात आणि दोन-तीन सेकंदांत पुढची निघाली तर परत निघतात, जास्त वेळ गेला तर रिझ्यूम दाबावं लागतं नाहीतर रेसला हलका पाय द्यावा लागतो. आणि काही गाड्यांत वेग तीसच्या आसपास खाली आला की क्रूझ सुटतं, एक बीप वाजतो आणि पुढचा ब्रेक तुमचा! मॅन्युअल गिअरच्या गाडीत तर क्लच-गिअर तुम्हालाच बघायचाय. आपली कुठल्या जातीची हे माहीत नसताना हायवेला लावू नका.

आता निघण्याआधी. रडार आणि कॅमेरा म्हणजे ह्या सिस्टिमचे डोळे, आणि आपण आपल्या हातानं ते झाकतो. भाच्याच्या गाडीला दसऱ्याचा झेंडूचा हार तिसऱ्या दिवशीपण तसाच होता, बरोबर रडारच्या समोर, आणि खाली लिंबू-मिरची. पूजा करा, हार घाला, पण हायवेला निघताना हार काढून डॅशबोर्डवर ठेवा किंवा देवासमोर ठेवा. जोतिबाला चैत्र यात्रेला जाऊन आलात तर काचेवर गुलाल असतो, नुसता वायपर फिरवला तर तो पसरून गुलाबी थर बसतो आणि कॅमेऱ्याला सगळं धुक्यात दिसल्यासारखं होतं, त्यामुळं पाणी मारून फडक्यानं पुसा, आणि आरशाच्या वरचा भाग आठवणीनं पुसा कारण कॅमेरा तिथंच असतो. काचेवर वरच्या बाजूला देवाच्या नावाचा मोठा स्टिकर लावायची आपल्याकडं पद्धत आहे, तो कॅमेऱ्याच्या खिडकीवर येणार नाही एवढं बघा. पुढं लोखंडी गार्ड बसवू नका. आणि काच बदलली किंवा बंपर ठोकून नीट केला तर कॅमेऱ्याचं, रडारचं कॅलिब्रेशन करून घ्या आणि झालं का हे तोंडानं विचारा. डोळा एक-दोन डिग्री वाकडा झाला तर शंभर मीटरवर तो शेजारच्या लेनमधली गाडी बघत बसतो.

पहिला धडा कुठं घ्यायचा? गावात नाही, आमच्या कोल्हापुरात दाभोळकर कॉर्नर, सीबीएस, ताराराणी चौक असल्या ठिकाणी विचारपण करू नका. एनएच ४८ ला, म्हणजे पुणे-बंगळूर हायवेला, सहापदरीकरणाचं काम जिथं जिथं चालू आहे, डायव्हर्जन आहेत, पट्टे पुसलेत तिथंपण नको. मी भाच्याला सकाळी सहाला घेऊन निघालो आणि मिरजेच्या पुढं सांगोला-मंगळवेढ्याकडं जो चौपदरी जातो तिकडं नेलं. रस्ता सरळ, गर्दी कमी, लांबपर्यंत दिसतं. तिथंपण डिव्हायडरच्या कटमधनं बाईक आणि शेरडं येतात, पण लांबनं दिसतात. पाऊस नसावा, अंधार नसावा, आणि शेजारी गप्पा मारणारं कोण नसावं.

तिथं गेल्यावर एक करा, क्रूझ लावायच्या आधी बंद करायला शिका. गाडी ६० ला आणा, क्रूझ चालू करा, सेट दाबा, मीटरमध्ये ६० चा आकडा आणि गाडीचं छोटं चित्र येईल. आता ब्रेकला हलका पाय लावा, सुटलं. परत सेट. आता कॅन्सलच्या बटणानं सोडा. भाच्याकडनं मी हे दहा-बारा वेळा करून घेतलं, शेवटी तो कंटाळला, पण तोवर अंगठा न बघता कॅन्सलवर जायला लागलेला. तेच पाहिजे. कारण गडबडीत माणूस बटण शोधायला खाली बघतो आणि तेवढ्यात गाडी पन्नास मीटर पुढं गेलेली असते.

मग वेग. रस्त्याच्या बोर्डावर जो आकडा आहे त्याच्या वर सेट करायचं नाही, आणि सुरुवातीला त्याच्यापण खाली करा, ७० पुष्कळ झालं. बऱ्याच गाड्यांत प्लसचं बटण एकदा दाबलं तर एक किलोमीटर वाढतो आणि धरून ठेवलं तर पाच किंवा दहाच्या उडीनं वाढतो, हे पण तिथंच करून बघा.

मग गॅप. स्टिअरिंगवर गाडी आणि आडव्या रेघांचं बटण असतं, तीन किंवा चार रेघा, जेवढ्या रेघा तेवढं पुढच्या गाडीपासनं अंतर जास्त. नवीन माणसानं सगळ्यात मोठा गॅपच ठेवायचा. लोक म्हणतात की मोठा ठेवला की मधी कोणतरी घुसतंय. घुसू दे. हिशोब सांगतो: ९० ला गाडी एका सेकंदाला २५ मीटर जाते. गॅप दोन सेकंदांचा असेल तर ५० मीटर, एक सेकंदाचा असेल तर २५. तुमच्या डोळ्याला दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंतच एक सेकंद जातो, म्हणजे सगळ्यात छोटा गॅप ठेवला तर तुमचा पाय ब्रेकवर पोचेपर्यंत अंतर संपलेलं असू शकतं. आणि दुसरं, हे क्रूझ पूर्ण ताकदीनं ब्रेक मारत नाही. ह्या सिस्टिमच्या आंतरराष्ट्रीय मानकातच मर्यादा घालून दिलेली आहे, हायवेच्या वेगाला साधारण साडेतीन मीटर प्रति सेकंद वर्ग. आकडा सोडा, अर्थ बघा: तेवढ्या ब्रेकनं ९० वरनं थांबायला जवळजवळ ९० मीटर लागतात, तेच तुम्ही कोरड्या रस्त्यावर चांगल्या टायरवर पूर्ण ब्रेक दाबला तर ४० मीटरच्या आसपास. म्हणजे खरा ब्रेक तुमच्या पायात आहे, क्रूझचा ब्रेक हलका आहे. क्रूझ लागलं म्हणून पाय आत ओढून मांडी घालून बसलेली माणसं मी बघितलीत. टाच खाली टेकवून पंजा ब्रेकच्या समोर, असा पाय ठेवायचा, कायम.

आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला बसलो ते. ऊस. दिवाळीच्या आसपास कारखाने सुरू झाले की मार्चपर्यंत आपल्या सगळ्या रस्त्यांना डबल ट्रॉली, अंगद (ट्रॅक्टरमागच्या छोट्या ऊसगाड्या), बैलगाड्या असतात, रात्रंदिवस. आणि ह्या सिस्टिमची सगळ्यात मोठी खोट नेमकी इथंच आहे: उभी असलेली वस्तू ती बऱ्याच वेळा धरतच नाही. का ते सांगतो. रडार वस्तूचा वेग मोजतं. रस्त्याकडंचे बोर्ड, डिव्हायडर, पुलाचे कठडे, वरच्या कमानी हे सगळं स्थिरच असतं, त्या प्रत्येकाला घाबरून गाडी ब्रेक मारायला लागली तर मागनं कोणतरी येऊन आदळेल, म्हणून पहिल्यापासनं जे उभंच दिसतंय त्याच्याकडं ते दुर्लक्ष करतं. पुढची गाडी चालताना दिसली आणि मग थांबली तर ते धरतं. पण वेगात येताना पुढं आधीपासनं उभा असलेला ट्रक, बंद पडलेली ट्रॉली, ती त्याला बोर्डासारखीच. जवळपास सगळ्या कंपन्यांच्या मॅन्युअलमध्ये हे लिहिलेलं असतं, बारीक अक्षरात.

माझ्या बाबतीत झालंय म्हणून कळकळीनं सांगतोय. गेल्याच्या गेल्या वर्षी डिसेंबर, संध्याकाळी सातचा सुमार, पुण्याहून येत होतो, वाठारच्या अलीकडं एका कंटेनरच्या मागं क्रूझ लावून ८० ला चाललेलो, सेट ९० होतं. कंटेनर एकदम उजवीकडं गेला. पुढं रस्ता मोकळा झाला असं गाडीला वाटलं आणि तिनं वेग घेतला, इंजिनचा आवाज चढलेला मला अजून आठवतो. आणि समोर डाव्या लेनमध्ये ट्रॉली उभी. लाईट नाही, रिफ्लेक्टर नाही, मागनं उसाची टोकं दोन-अडीच फूट बाहेर आलेली, रस्त्यावर चार दगड मांडलेले आणि ड्रायव्हर टायरपाशी उकिडवा बसून मोबाईलची बॅटरी तोंडात धरून पाना फिरवत होता. मी जीव खाऊन ब्रेक दाबला. दोन दगड गाडीखाली गेले, उसाच्या टोकापासनं हातभर अंतरावर थांबलो. मागं सौ. आणि लेक होत्या, दोघी एक शब्द बोलल्या नाहीत बराच वेळ. तो ड्रायव्हर पोरगाच होता वीस-बावीसचा, तोच थरथरत होता, मी उतरून माझा त्रिकोण लांब नेऊन लावला आणि त्याचा टायर होईपर्यंत डिपर देत उभा राहिलो. गाडीत काही बिघाड नव्हता. ती जशी बनवलीय तशीच वागली, मीच तिच्यावर सोडून दिलेलं.

त्या दिवसापासनं माझे नियम आहेत ते देतो. सीझनमध्ये अंधार पडला की क्रूझ बंद, काहीपण होवो. दिवसा लावलं तर पुढच्या गाडीच्या मागं चिकटून नाही, तिच्या पुढचं पण दिसेल एवढं अंतर ठेवून, आणि कंटेनर-बसच्या मागं असलो की लावतच नाही कारण तिच्या पलीकडं काय आहे ते मलाच दिसत नाही. पुढच्या गाडीनं अचानक लेन सोडली की आधी ब्रेकला पाय, का सोडली ते मग बघायचं. कारखान्याचा फाटा, वजनकाटा, रस्त्यावर पडलेल्या उसाच्या कांड्या दिसायला लागल्या की क्रूझ काढायचं, कांड्या दिसल्या म्हणजे पुढं ट्रॉली आहेच. चालती ट्रॉलीपण कमी नाही, ती २० नं चाललेली असते आणि तुम्ही ९० नं, म्हणजे तुम्ही तिच्यावर सेकंदाला १९-२० मीटरनं चढताय, शंभर मीटर पाच सेकंदांत संपतात. शिवाय मागं बाहेर आलेला ऊस रडारला दिसेल का चाकं दिसतील हे सांगता येत नाही, गाडी ट्रॉलीपासनं अंतर धरेल आणि उसाची टोकं तुमच्या काचेपर्यंत आलेली असतील.

बाईकवाल्यांचं पण तसंच. बारीक वस्तू, लेनच्या कडेनं चाललेली, कधी धरते कधी सोडते. उलट्या बाजूनं येणारी बाईक, डिव्हायडरच्या कटमधनं आडवी घुसणारी, कुत्रं, म्हैस, रस्ता ओलांडणारी माणसं, ह्यातलं काही क्रूझच्या भरवशावर सोडायचं नाही. गावाचं नाव दिसलं, बसथांबा दिसला, काढा.

रिझ्यूमचं बटण. ह्यानं नवीन माणूस सगळ्यात जास्त घाबरतो. गाडी जुना आकडा लक्षात ठेवते. तुम्ही हायवेला ९० लावलेलं, ब्रेक मारून सर्व्हिस रोडला उतरलात, चहा घेतला, परत सर्व्हिस रोडलाच ४० नं चाललात आणि चुकून रिझ्यूम दाबलं, गाडी ९० कडं झेपावते. भाच्याला मी हे मुद्दाम मोकळ्या रस्त्याला करून दाखवलं, त्याचे हात स्टिअरिंगवर घट्ट झाले. म्हणून हायवे सोडला की क्रूझ मेनच्या बटणानं पूर्ण बंद करा, नुसतं कॅन्सल नाही. आणि परत लावताना रिझ्यूम न दाबता आहे त्या वेगाला नवीन सेट दाबायची सवय लावा. ह्याच्याच जवळची दुसरी गोष्ट, ट्रकच्या मागं ४५ नं बराच वेळ चाललात की सेट ९० आहे हे माणूस विसरतो, आणि ट्रक बाजूला झाला की गाडी एकदम सुटते. काही गाड्यांत तर उजवा इंडिकेटर दिला की ओव्हरटेकसाठी ती आपण होऊन वेग घेते. आधी आरसा, मग इंडिकेटर.

क्रूझ लागलेलं असताना तुम्ही रेसवर पाय दिलात तर ते तेवढ्यापुरतं बाजूला होतं आणि पाय आहे तोवर ते ब्रेक मारणार नाही. नकळत पाय रेसवर टेकवून बसायची ज्यांना सवय आहे त्यांनी हे लक्षात ठेवा.

वळणाला रडार सरळ बघतं, रस्ता वळतो, पुढची गाडी त्याच्या नजरेतनं सुटते आणि गाडी वेग घेते, किंवा उलटं, शेजारच्या लेनमधला ट्रक पुढचा समजून उगाच ब्रेक मारते आणि मागचा हॉर्न देतो. म्हणून घाटात नाहीच. खंबाटकी असो, निपाणीच्या पुढचा तवंदी असो, कोकणात उतरताना आंबा, करूळ, फोंडा असो, तिथं गिअर आणि पाय. उताराला क्रूझ नुसता ब्रेक चावत बसतं, इंजिनचा ब्रेक तुम्हाला खालच्या गिअरनं घ्यायचाय.

पावसात मी लावत नाही. रस्ता ओला असला की थांबायला जास्त जागा लागते आणि क्रूझला ओला-कोरडा कळत नाही, पाणी साचलेल्या ठिकाणी टायर तरंगला तर वेग धरून ठेवणं हे नेमकं चुकीचं काम ते करत राहील. ट्रकच्या चाकाचा चिखल रडारवर बसला की मीटरवर सेन्सर झाकल्याचा मेसेज येतो, तो आला की बाजूला घेऊन पुसा. संध्याकाळी गगनबावड्याकडं जाताना सूर्य समोर असतो तेव्हा कॅमेऱ्याचं पण आपल्यासारखंच होतं, डोळे दिपतात.

टोलनाका. किणीचा, तासवड्याचा, आणेवाडीचा, कुठलाही. लांब बोर्ड दिसला की कॅन्सल, गाडी पायावर घ्या. तिथं रांगेत आधीच उभ्या असलेल्या गाड्या, पत्र्याचे बॅरिकेड, रंबलर, आणि क्रूझला स्पीडब्रेकर, खड्डा, रंबलर यातलं काहीच दिसत नाही. फास्टॅगच्या लेनमध्ये पुढच्याचा टॅग वाचला नाही आणि तो मागं यायला लागला, असं दर खेपेला एकदा तरी होतं.

झोपेबद्दल पण बोलतो. पायाला काम नसलं की डोळा जड होतो, जेवल्यावर तर हमखास. कराडच्या आसपास जेवण झालं की पुढचा अर्धा तास मी मुद्दाम क्रूझ न लावता चालवतो, पाय चालू राहिला की डोकं चालू राहतं. तेवढ्यानंही जांभई थांबली नाही तर गाडी पंपावर घेऊन वीस मिनिटं सीट मागं करून झोपतो.

आणि गाडी दुसऱ्याच्या हातात देताना. भाच्याच्या गाडीला वडील पण बसतात, त्यांचा हात चुकून बटणावर गेला तर त्यांना कळायचं नाही काय झालं, म्हणून त्यांना पण एवढं दाखवलं की मीटरवर हे चित्र दिसलं तर ब्रेक हलका दाबा, सुटतं. काही गाड्यांत गॅपचं बटण धरून ठेवलं की अ‍ॅडाप्टिव्ह जाऊन साधं क्रूझ लागतं, मीटरवर वेगाचा आकडा तसाच दिसतो पण पुढच्या गाडीचं चित्र आणि गॅपच्या रेघा नसतात, आणि मग ती पुढच्या गाडीसाठी अजिबात थांबत नाही. तुमच्या गाडीत तसं होतं का ते मॅन्युअलमध्ये बघा, दोन्ही चित्रांचा फोटो काढून घरातल्या सगळ्यांना पाठवा, आणि सेट दाबलं की दर वेळेला त्या रेघा आहेत का हे बघूनच पाय रेसवरनं उचला.